छोट्या स्टेशनवरचा गेलेला थांबा परत कसा मिळवायचा: नाशिकच्या अपडाऊनवाल्यांसाठी

आम्ही पहिल्यांदा थांबा मागायला गेलो तेव्हा चार वह्या भरून सह्या सोबत होत्या. शाळेतले मास्तर, दूध डेअरीवाले, भजनी मंडळ, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. साहेबांनी वह्या चाळल्या, चहा पाजला आणि विचारलं, "यातले रोज तिकीट काढणारे किती?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो. काही दिवसांनी पत्र आलं, एका ओळीचं: मागणी वाणिज्यिकदृष्ट्या समर्थनीय नाही.

तेव्हा ते फार झोंबलं. पण साहेबांचा प्रश्न बरोबर होता. फलाटावर उभी असलेली माणसं रेल्वेच्या वहीत दिसत नाहीत, तिथे दिसतात ती तिकिटं. छोट्या स्टेशनवरची निम्मी मंडळी तिकीट काढतच नाहीत, उरलेली पुढच्या मोठ्या स्टेशनवर काढतात. मग आपल्या स्टेशनच्या नावापुढे जवळजवळ शून्य पडतं आणि त्या शून्यावर बोट ठेवून थांबा काढला जातो. हे शून्य पुसायचं कसं, त्याचा हा लेख.

इगतपुरी ते मनमाड या पट्ट्यात घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट अशी स्टेशनं आहेत. एकीकडे सव्वाशे किलोमीटरची दुहेरी लाइन, दिवसरात्र गाड्या, आणि दुसरीकडे यातल्या बऱ्याच गावांतला माणूस शेअर रिक्षात अर्धा बाहेर लोंबकळत नाशिकरोड गाठतो. पुढे उदाहरणाला मी ओढा घेतो, कारण एकलहरे, शिलापूर, लाखलगाव, माडसांगवी ही सगळी गावं त्याच्या आसपास आहेत आणि शहर आता तिथवर पोचलंच आहे. तुमचं स्टेशन लहवित असो की उगाव, पद्धत हीच.

नेमकं काय गेलंय, ते आधी ठरवा

"आमचं स्टेशन बंद पाडलं" असं आपण सरसकट म्हणतो. पण त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. गाडीच बंद झाली असेल. गाडी धावतेय, पण आपला थांबा उडाला असेल. थांबा आहे, पण वेळ कुणाच्याच कामाची नसेल. किंवा गाडी थांबतेय, पण तिकीट खिडकी बंद आहे. प्रत्येकाचं टेबल वेगळं. थांबा गेला असताना "गाडी सुरू करा" असा अर्ज दिला तर तो भलत्याच टेबलावर जातो आणि तिथेच मुरतो.

गाडीचा नंबर वाचायला शिका. पाच आकड्यांतला पहिला आकडा ५ असेल तर ती साधी पॅसेंजर, ६ असेल तर मेमू (वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी), ७ असेल तर डेमू (तशीच, पण डिझेलची), १ किंवा २ असेल तर एक्स्प्रेस, ० असेल तर स्पेशल. हे नुसतं सामान्यज्ञान नाही. मेल-एक्स्प्रेसचा थांबा दिल्लीत रेल्वे बोर्डाच्या मंजुरीने मिळतो. साध्या गाडीच्या थांब्याचा विचार विभाग आणि झोनच्या पातळीवर होतो, म्हणजे आपल्यासाठी भुसावळ विभाग आणि मुंबईतलं मध्य रेल्वेचं मुख्यालय. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कित्येक पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचा नंबर आणि एक्स्प्रेसचं भाडं लागलं, दहाचं किमान तिकीट तीसला गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडं परत दहावर आलं, थांबे मात्र सगळीकडे परत आले नाहीत. म्हणून तुमच्या गाडीचा २०२० आधीचा नंबर आणि आताचा नंबर, दोन्ही लिहून ठेवा.

भुसावळ विभागाची हद्द इगतपुरीला संपते आणि तिथून पुढे मुंबई विभाग लागतो. नाशिकरोडची माणसं हे हमखास विसरतात आणि मुंबईच्या डीआरएमना, म्हणजे तिथल्या मंडल रेल प्रबंधकांना, निवेदन देऊन येतात. फोटो छान येतो, पण काम होत नाही.

जुन्या वेळापत्रकाचा पुरावा

पूर्वी इथे गाडी थांबत होती, हे कागदावर दाखवता आलं की मागणी "नवीन थांबा" न राहता "पूर्ववत करा" अशी होते. या दोन शब्दांनी फायलीचा रंग बदलतो. मध्य रेल्वेची जुनी छापील वेळापत्रकं रद्दीवाल्याकडे आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरी सापडतात. जुने मासिक पास, जुनी पुठ्ठ्याची तिकिटं कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत असतातच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. वेळापत्रक बदलल्याच्या बातम्यांसाठी तिथे जुन्या वर्तमानपत्रांची विचारपूस करा. एक सकाळ पुरते. मोबाइलवर फोटो काढताना तारखेची ओळ चौकटीत येऊ द्या. आमच्या पहिल्या फोटोंत ती नव्हती, दुसरी फेरी मारावी लागली.

माहितीचा अधिकार: दहा रुपयांत अर्धं काम

अर्ज जन माहिती अधिकारी, मंडल रेल प्रबंधक कार्यालय, मध्य रेल्वे, भुसावळ यांच्या नावे. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून घरबसल्या टाकता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस, कागदांच्या प्रती पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

"थांबा का काढला?" असं विचारू नका. कारण विचारलं की "आमच्याकडे नोंद नाही" असं उत्तर येतं. नोंदच मागा. आम्ही पुढे जो मसुदा वापरला तो साधारण असा होता:

"१) ओढा स्थानकावरून एप्रिल २०१९ पासून आजवर विकलेली अनारक्षित तिकिटं व मासिक पास यांची महिनावार संख्या व उत्पन्न. २) एप्रिल २०१९ मध्ये या स्थानकावर थांबणाऱ्या व आज थांबणाऱ्या गाड्यांची यादी, वेळेसह. ३) थांबे रद्द करताना काढलेल्या आदेशाची प्रत. ४) गेल्या तीन महिन्यांत या स्थानकावर परिचालनाच्या कारणासाठी थांबवलेल्या प्रवासी गाड्यांची दिनांकवार नोंद. ५) फलाटांची लांबी व उंची. ६) स्थानकाची सध्याची श्रेणी."

चौथा प्रश्न विसरू नका, त्याची गंमत पुढे आहे. सहाव्याचं उत्तर एनएसजी किंवा एचजी असं अक्षरांत येईल. एनएसजी म्हणजे उपनगरी नसलेलं स्टेशन, एचजी म्हणजे हॉल्ट, छोटा थांबा. श्रेणीवर फलाट, शेड, पाणी, दिवे किती मिळायचे ते ठरतं.

मोजणी

उत्तर यायला महिना लागतो. तोवर माणसं मोजा. "गाडी थांबली तर तुम्ही जाल का?" या प्रश्नाला गावात कुणीही "हो" म्हणतं, ज्याला कधी गाव सोडायचं नसतं तोही. त्याऐवजी विचारा, "काल कुठे गेला होता? किती वाजता निघालात? कशाने गेलात? किती पैसे गेले?" कालचं उत्तर खरं असतं.

मोजणी रिक्षा थांब्यावर आणि एसटीच्या थांब्यावर करा, घरोघर फिरून नको. पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते नऊ. मंगळवार किंवा गुरुवार निवडा. बुधवारी नाशिकचा आठवडे बाजार असतो, गोदाघाटावर जाणाऱ्या भाजीवाल्यांमुळे आकडा फुगतो. बुधवार वेगळा मोजा आणि वेगळाच मांडा, कारण टोपल्या-पाट्यांसकट जाणाऱ्या बायकांना लागणारी गाडी आणि कॉलेजच्या पोरांना लागणारी गाडी एक नसते. शाळा-कॉलेजच्या सुट्टीत, लग्नसराईत, द्राक्षांच्या खुड्यात मोजू नका. खुड्याच्या दिवसांत गावात परगावचे मजूरही असतात आणि गावातले लोक उलट दिशेला असतात.

तक्त्यात पाच रकाने बास: निघण्याची वेळ, कुठे, काम कशाचं, कशाने, खर्च. नावं नकोत, फोन नंबर तर नकोच. लोक बिचकतात आणि ती माहिती पुढे कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. तीन दिवसांची मोजणी झाली की चित्र आपोआप दिसायला लागतं. आमच्याकडे लक्षात आलं की आम्ही जी गाडी मागत होतो ती सकाळी साडेआठची, आणि गर्दी मात्र सहा ते पावणेसातची होती: सातची पाळी गाठणारे, आणि सकाळचं कॉलेज असलेली मुलं. सह्यांच्या वहीतून हे कधीच कळलं नसतं.

सोबत पत्रं जोडा. कॉलेजकडून "या गावांतून इतके विद्यार्थी येतात" एवढ्या एका ओळीचं पत्र, कारखान्याकडून पाळीच्या वेळांचं पत्र. मुख्याध्यापकांना भेटायला पालकांनाच पाठवा, काम लवकर होतं.

तिकीट: इथेच खरी लढाई

आता थोडं कडू बोलतो. आपल्या पट्ट्यात "छोट्या स्टेशनवर टीसी नसतो" हे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे येतं. ओढ्याहून नाशिकरोडला जायचं, तिकीट कशाला? या फुकटच्या दहा-दहा रुपयांनीच आपला थांबा खाल्ला. मीही त्यातलाच होतो, उगाच साळसूदपणा करत नाही.

समजा गावातली ४० माणसं रोज गाडीने जातात आणि विनातिकीट जातात. रेल्वेच्या हिशेबात आकडा शून्य. त्याच ४० जणांनी मासिक पास काढला तर? एका मासिक पासाचे महिन्याला ५० प्रवास धरण्याची रेल्वेची पद्धत आहे. म्हणजे महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० प्रवास. माणसं तीच, गाडी तीच, फक्त वहीत २४,००० ची भर. रोज तिकीट काढण्यापेक्षा पास बराच स्वस्त पडतो, तो आणखी फायदा.

पण पास आणि तिकीट कुठून काढता, त्यालाही महत्त्व आहे. नाशिकरोडच्या खिडकीवर काढलेलं तिकीट नाशिकरोडच्या उत्पन्नात जमा होतं. तेव्हा पास आपल्या स्टेशनच्या खिडकीवर, आणि जातानाच येण्या-जाण्याचं रिटर्न तिकीट. मोबाइल ॲपवर काढत असाल तर "पासून" या रकान्यात आपलंच स्टेशन आलंय ना, ते पाहा. घाईत नाशिकरोड निवडलं जातं, मग मेहनत त्यांच्या खात्यात.

खिडकी बंद असेल तर पहिली मागणी थांब्याची करू नका, तिकीट विक्रीची करा. हॉल्ट स्टेशनवर रेल्वे कमिशनवर एजंट नेमते. तो बहुतेक गावातलाच असतो, तिकिटं शेजारच्या मोठ्या स्टेशनवरून आणतो आणि विकतो. गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला किंवा बचत गटातल्या ताईंना अर्ज करायला तयार ठेवा. कमिशन थोडं असतं, म्हणून जोडीला चहाची टपरी किंवा झेरॉक्स असलेलं माणूस टिकतं. एजंट मिळाला की गाडी न वाढताही आकडा वाढायला लागतो.

एकही गाडी थांबत नसेल तर? मग आपल्या वहीत तिकीट येणारच कसं, हा प्रश्न रास्त आहे. अशा वेळी मोजणीचा तक्ता, कॉलेज-कारखान्यांची पत्रं आणि २०१९ चा विक्रीचा आकडा या तिघांवर भिस्त. एखादी गाडी अजून थांबत असेल, मग ती कितीही आडवेळेची असो, तिलाच आधी तिकिटांनी भरा. एका थांब्याच्या जोरावर दुसरा मिळतो.

सहा महिने हे नेटाने केल्यावर मगच अर्ज. लोकांना सहा महिने फार वाटतात. "आंदोलन कधी?" असं दर रविवारी कुणीतरी विचारतं. त्यांना पास काढायला लावा.

कोणती गाडी मागायची

सगळ्यात जास्त अर्ज इथे आपटतात. लोकांना पंचवटी एक्स्प्रेस हवी असते. पंचवटी १९७५ पासून धावतेय, तिच्यात पासधारकांची शिस्त आहे, तिचं नाव मोठं आहे. पण तिला ओढ्याला थांबवा म्हणणं म्हणजे मुंबईच्या हजारभर माणसांचा रोष ओढवून घेणं. मागायची ती मेमू किंवा शटल.

यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. ताशी १०० किलोमीटरने येणारी इंजिनाची गाडी थांबते, मिनिटभर उभी राहते आणि पुन्हा वेग पकडते, यात एकूण तीन ते चार मिनिटं जातात. इंजिन एकच, मागे जड डबे, वेग घ्यायलाच वेळ. मेमूच्या मोटारी गाडीभर विखुरलेल्या असतात, ती झटकन उचलते. तेवढ्याच थांब्याला तिची दोनेक मिनिटं जातात. शिवाय दोन्ही टोकांना चालकाची केबिन, त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवायची भानगड नाही. मागच्या गाड्यांचा खोळंबा कमी, म्हणून गाड्या चालवणाऱ्या परिचालन खात्याचा विरोधही कमी.

आता वेळापत्रक हातात घ्या आणि प्रत्येक दोन स्टेशनांमधली मिनिटं लिहा. एक विचित्र गोष्ट दिसेल. शेवटच्या टोकाला, किंवा मनमाड, इगतपुरीसारख्या मोठ्या ठिकाणाआधी, जाताना जे अंतर दहा मिनिटांत जातं तेच येताना वीस-पंचवीस मिनिटांत दाखवलेलं असतं. गाडी तिथे रांगत नाही. उशीर भरून काढायला ठेवलेली ती मोकळीक असते. तुमच्या स्टेशनचा थांबा त्या मोकळिकीच्या अलीकडे येत असेल तर अर्जात स्पष्ट लिहा: "दोन मिनिटं वाढली तरी शेवटच्या स्टेशनवरची वेळ बदलत नाही." परिचालनवाल्यांची भाषा ही आहे.

आणि आता चौथ्या प्रश्नाची गंमत. छोटी गाडी सायडिंगला टाकून मागची एक्स्प्रेस पुढे काढतात, हे आपण आयुष्यभर शिव्या देत पाहिलंय. ती सायडिंगला टाकण्याची जागा अनेकदा आपलंच स्टेशन असतं! गाडी दहा मिनिटं उभी, फलाट समोर, आणि कागदावर थांबा नाही. आरटीआयच्या उत्तरात असं वारंवार दिसलं तर सोन्याहून पिवळं. "गाडी थांबतेच आहे, फक्त तिला प्रवासी थांब्याचा दर्जा द्या." वेळेचा एकही आक्षेप उरत नाही. रोज सकाळी फलाटावर कुणाला तरी वही घेऊन बसवा. गाडीचा नंबर, आली किती वाजता, सुटली किती वाजता. दोन महिन्यांची अशी वही कोणत्याही मोर्च्यापेक्षा वजनदार असते. वहीवाल्याने फलाटावरच बसायचं, आणि फलाट तिकीट किंवा पास खिशात ठेवून. रुळात उतरून फोटो काढायला गेलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

मागताना जोडी मागा, सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी. एकच दिशा मिळाली तर माणूस पास काढत नाही, आणि पास नाही काढले तर आकडा पडतो. आपल्याकडे अप म्हणजे मुंबईकडे, डाऊन म्हणजे मनमाड-भुसावळकडे. अर्जात हे उलटं लिहिलेलं मी दोनदा पाहिलंय.

फलाट आणि स्टेशनकडचा रस्ता

फलाटाची उंची रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असेल तर तो उंच फलाट, ४५५ च्या आसपास असेल तर खालचा. खालच्या फलाटावरून साडीतल्या बाईला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना गाडीत चढायला लागणारा वेळ मोजा. एका मिनिटाचा थांबा तिथेच संपतो. उंची वाढवण्याची मागणी थांब्याच्या अर्जात घुसडू नका, तिचा अर्ज वेगळा. एकत्र केली की "आधी फलाट, मग थांबा" असं म्हणून दोन्ही लटकतात. फलाट लांबवणं, नवीन हॉल्ट उभारणं अशा कामांना रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मान्यताही लागते आणि ते खातं रेल्वेच्या हाताखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. वेळ लागणारच.

स्टेशनच्या हद्दीबाहेरचा रस्ता आणि दिवे मात्र रेल्वेचे नसतात. ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे. पहाटे सहाच्या गाडीला मुलगी एकटी जाणार असेल तर स्टेशनच्या रस्त्यावर तीन दिवे लागणं हे थांब्याइतकंच महत्त्वाचं. ग्रामसभेत ठराव करून हे आधी उरकून घ्या. रेल्वेकडे जाताना ठरावाची प्रत सोबत असली की "तुमच्याकडे पोचायला रस्ताच नाही" हे उत्तर बाद होतं.

जोडबसचंही तसंच. महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ पासून धावतेय. शहराजवळच्या स्टेशनला गाडीच्या वेळेवर एक फेरी मागता येते. तो अर्ज थांबा मिळाल्यावर करा. गाडी नसताना बस मागितली तर रिकामी धावते आणि महिन्यात बंद होते.

अर्ज: एक पान, एक मागणी

"मा. मंडल रेल प्रबंधक, मध्य रेल्वे, भुसावळ. विषय: गाडी क्र. ..... (अप) व ..... (डाऊन) यांचा ओढा स्थानकावरील थांबा पूर्ववत करण्याबाबत. महोदय, सदर गाड्या २०२० पूर्वी या स्थानकावर थांबत होत्या (वेळापत्रकाची प्रत, जोडपत्र १). गेल्या सहा महिन्यांत स्थानकावरील तिकीट व पास विक्री ..... वरून ..... वर गेली आहे (जोडपत्र २). दि. ..... रोजीच्या मोजणीनुसार सकाळी ६ ते ७ या वेळेत ..... प्रवासी रस्त्याने नाशिकरोडकडे जातात (जोडपत्र ३). सदर गाडी ..... महिन्यात ..... दिवस परिचालनासाठी येथे थांबली आहे (जोडपत्र ४). सहा महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर एक मिनिटाचा थांबा द्यावा, ही विनंती."

बास. शिवकालापासूनचा गावाचा इतिहास नको, "अन्यथा तीव्र आंदोलन" नको. "प्रायोगिक तत्त्वावर" हे शब्द हवेतच, रेल्वे थांबे असेच देते. त्यामुळे अधिकाऱ्याला हो म्हणणं सोपं जातं, कारण नाही जमलं तर काढायची वाट मोकळी असते. प्रत वाणिज्य आणि परिचालन या दोन्ही खात्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना. पहिला विचारतो "किती पैसे येणार", दुसरा विचारतो "किती मिनिटं जाणार", दोघांची उत्तरं त्या पानावर आहेत. अर्ज मराठीत द्या, सोबत हिंदीत एक प्रत जोडा. फाईल ज्याच्या टेबलावर जाईल तो मराठी वाचणारा असेलच असं नाही. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. १३९ वर किंवा रेल मददवर ही मागणी टाकू नका, तो मार्ग चालू प्रवासातल्या तक्रारींचा आहे.

कुणाला गाठायचं

विभागाची रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती असते, डीआरयूसीसी म्हणतात तिला. व्यापारी संघटनांचे, प्रवाशांचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. बैठकीत मांडलेल्या विषयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, हा तिचा खरा उपयोग. नाशिक जिल्ह्यातला सदस्य शोधा आणि त्याच्या हातात चार वह्या नाही, ते एक पान द्या.

खासदारांचं गणित आपल्याकडे मजेशीर आहे. ही एकच रेल्वेलाइन दोन लोकसभा मतदारसंघांतून जाते. इगतपुरी, देवळाली, नाशिकरोडचा पट्टा नाशिक मतदारसंघात, निफाड, लासलगावचा पट्टा दिंडोरीत. मेमू दोन्हींतून धावते. दोन्ही खासदारांचं एकत्र पत्र असेल तर ते उठून दिसतं, मग ते एका पक्षाचे असोत वा नसोत. त्यासाठी शेजारच्या स्टेशनवाल्यांशी आधी बोला. खेरवाडी आणि कसबे सुकेण्याची मागणी तुमच्याच गाडीसाठी असेल तर एकाच गाडीवर तीन थांब्यांचा बोजा पडतो आणि तिघांनाही नकार येतो. सकाळची गाडी कुणी मागायची, दुपारची कुणी, हे आपापसात चहावर ठरवून घ्या. आम्ही हे केलं नव्हतं. शेजारच्या गावाशी वर्षभर अबोला होता, तोही आगगाडीवरून.

रेल रोकोचा विषय निघतोच. रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा दाखल होतो तो नोकरीच्या शोधात असलेल्या पोरांवर. पुढारी फोटोपुरता असतो.

सिंहस्थाची संधी, आणि सिंहस्थाचा धोका

२०२७ च्या सिंहस्थासाठी रेल्वेने नाशिकरोडबरोबर देवळाली, ओढा, खेरवाडी आणि कसबे सुकेणे या स्टेशनांवरही कामं हाती घेतली आहेत. फलाट, पादचारी पूल, दिवे, पाणी यांचं जे एरवी पंधरा वर्षांत होत नाही, ते दोन वर्षांत होतं. तुमचं स्टेशन यादीत असेल तर फलाटाच्या उंचीचा तो वेगळा अर्ज आत्ताच टाका. यादीत नसेल, तर यादीतल्या शेजारच्या स्टेशनवर मेमू वाढतील का, याकडे लक्ष ठेवा.

धोका असा की मेळ्याच्या स्पेशल गाड्या मेळ्यानंतर जातात. त्या काळातला तिकीट विक्रीचा आकडा दाखवून कायमचा थांबा मागायला गेलात तर "ती यात्रेची गर्दी होती" असं म्हणतील, आणि ते खरंही असेल. म्हणून यात्रेचे महिने तक्त्यात वेगळ्या रंगाने दाखवा आणि त्याआधीच्या वर्षाशी तुलना करा. आणखी एक: मेट्रो निओ (रस्त्यावर टायरवर धावणारी विजेची मेट्रो) येतेय म्हणून लोकलची गरज नाही, असं कुणी म्हणालं तर २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली होती आणि ती अजून धावत नाही, एवढीच आठवण करून द्या. 

थांबा मिळाल्यावरचे सहा महिने

पहिल्या दिवशी हार, पेढे, ढोल, मोटरमनला फेटा. हे सगळं होऊ द्या. पण त्याच सकाळी खिडकीवर रांग लागली पाहिजे. पहिल्या महिन्याचा आकडा सगळ्यात चांगला येतो, तिसऱ्या महिन्यात घसरतो, कारण पास संपतो आणि माणूस "आज उद्या" करतो. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला स्टेशनबाहेर एक फळा लावा: या महिन्यात पास किती, मागच्या महिन्यात किती. फळ्यावरचा आकडा पडला की गावातलेच एकमेकांना टोचतात. पाहुण्यांना नाशिकरोडपर्यंत सोडायला गेलात तरी आपल्याच स्टेशनवरून रिटर्न तिकीट काढा.

पहिल्या पंधरवड्यात गाडी किती सेकंद थांबते तेही मोजा. दाराशी गर्दी करून चढण्यात दोन-तीन मिनिटं गेली तर परिचालन खातं ती नोंदवतं आणि आढाव्यात काढतं. कोणत्या डब्यासमोर कोणी उभं राहायचं हे ठरवा. पाट्या-टोपल्या एका बाजूला, विद्यार्थी पुढच्या डब्यांना. आमच्याकडे आठ दिवस दोन म्हाताऱ्या आजी फलाटावर उभ्या राहून सगळ्यांना पांगवत होत्या, त्यांचं सगळ्यांनी ऐकलं.

सातवा महिना लागला की पहिल्याच आठवड्यात पुन्हा दहा रुपये, पुन्हा तोच आरटीआय, तेच सहा प्रश्न. विभागाने आढावा घ्यायच्या आत आकडे तुमच्या हातात हवेत. ते चांगले असतील तर त्याच उत्तराची प्रत जोडून थांबा कायम करण्याचा अर्ज, आणि दुसऱ्या कागदावर संध्याकाळी उशिरा परतणाऱ्यांसाठी पुढच्या गाडीचा.